शुगर समजावून सांगायची कुणी?

इन्सुलिनच्या सिरिंजला लाल टोपण असतं किंवा नारिंगी. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. आपल्याकडे इन्सुलिनची जी काचेची बाटली सर्रास मिळते ती ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. पेनमध्ये बसणारं कार्ट्रिज मात्र १०० युनिटचं असतं. समजा, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून सुट्टी होऊन कुणी मूर्तिजापूरकडे आपल्या गावी गेला. बाटली ४० ची आहे, पण सिरिंजा संपल्या म्हणून जवळच्या मेडिकलमधून आणल्या त्या नारिंगी टोपणाच्या निघाल्या. डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत म्हणून तो २० च्या रेघेपर्यंत औषध भरणार, आणि अंगात जाणार फक्त ८ युनिट. याच्या उलट झालं, १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं, तर २० च्या जागी ५० युनिट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. पहिल्या प्रकारात शुगर महिनाभर चढीच राहते, आणि पुढच्या खेपेला त्याला ऐकून घ्यावं लागतं की तुम्ही पथ्य पाळत नाही.

टोपणाची ही गोष्ट सांगायला तीन मिनिटं पुरतात. वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला ती सारखीच कळते, कारण तिच्यात अक्षर नाही, रंग आहे. तरीही ती वॉर्डातून घरी पोचत नाही. याचा दोष आपण फार लवकर रुग्णाच्या अडाणीपणावर टाकतो. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या आणि अमरावतीची ८७ टक्क्यांच्या आसपास होती. राज्याच्या सरासरीपेक्षा दोन्ही जिल्हे वर. अडचण दुसरीकडे आहे. रुग्णालयात रक्त काढणं कुणाचं तरी काम असतं, ड्रेसिंग कुणाचं तरी असतं, औषध वाटणं कुणाचं तरी असतं. शिकवणं मात्र ड्यूटीच्या तक्त्यावर कुणाच्याच नावापुढे लिहिलेलं नसतं. ज्याला वेळ मिळेल त्याने सांगावं असं ते काम आहे, आणि वेळ कुणालाच मिळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत, असं त्यातून दिसलं. याच पाहणीच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ८.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता, शहरात १०.९ टक्के, खेड्यात ६.५ टक्के. खेड्यातला हा आकडा लहान नाही. पण खेड्यातल्या माणसाला तो आपला वाटत नाही. शुगर म्हणजे बसून खाणाऱ्याचा, पोट सुटलेल्याचा आजार, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दिवसभर वावरात राबणारा किडकिडीत माणूस सिस्टरला विचारतो, "मले गोड आवडतच नाई, मंग शुगर कशी झाली?"

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्रातच शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी अशी त्यांची ठेवण असते, आणि तिची मुळं आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी उभा राहिलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. हा फोटो प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत मोठा करून लावावा असं मला वाटतं. बारीक माणसाला आपल्याला हा आजार होऊ शकतो हे पटलं नाही, तर पुढचं पथ्य, गोळी, सुई यांतलं काहीच त्याला आपलं वाटत नाही.

बहुतेकांना आपली शुगर कळते तीही आडवाटेने. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्यावर, दात काढायला गेल्यावर, पायात काटा रुतून जखम चिघळल्यावर. म्हणजे माणूस वॉर्डात भरती होतो तेव्हा त्याच्या डोक्यात जखम असते, ताप असतो, बुडालेली रोजी असते. भीतीत आणि वेदनेत नवं काही शिकता येत नाही. मग शिकवायची वेळ येते सुट्टीच्या दिवशी. नातेवाईक गाडीची वेळ बघत असतात, औषधाच्या खिडकीवर रांग असते, आणि डिस्चार्ज कार्ड हातात देताना एका दमात सगळं सांगितलं जातं: ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी, गोड बंद, भात बंद, पंधरा दिवसांनी दाखवा. "समजलं ना मावशी?" "हाव, समजलं." इथे दोघांचंही काही चुकत नाही. प्रश्नच असा आहे की त्याला दुसरं उत्तर देता येत नाही. भरल्या वॉर्डात, मागे चार माणसं उभी असताना, नाही समजलं असं कोण म्हणेल?

ओपीडीत याहून वेगळं घडत नाही. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा जगभरातला आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात दोनेक मिनिटं. अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या इर्विनमध्ये, सोमवारी सकाळची रांग पाहिलेल्या माणसाला ही दोन मिनिटंसुद्धा जास्त वाटतील. तेवढ्यात रिपोर्ट बघून गोळी वाढवता येते. घरी स्वयंपाक कोण करतं, हे विचारता येत नाही.

आणि हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. वॉर्डात सूचना ऐकतो पुरुष रुग्ण आणि त्याच्याबरोबर आलेला मुलगा किंवा भाऊ. भाकरी थापणारी बायको किंवा सून घरी असते. मीठ, तेल, भाताचं माप हे सगळं तिच्या हातात, आणि सूचना तिच्यापर्यंत पोचतात त्या "डॉक्टर गोड नाई म्हणे" एवढ्याच. बाई स्वतः रुग्ण असेल तर आणखी अवघड. घरात तिच्यासाठी वेगळं शिजत नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, त्यामुळे जेवणाची वेळ तिच्या हातात नसते, आणि सुई तर जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. सासू किंवा नवरा समोर असल्याशिवाय तिला दिलेला सल्ला निम्मा वाया जातो.

आहाराच्या छापील कागदाबद्दल माझी विशेष तक्रार आहे. त्यावर ओट्स असतात, ब्राऊन ब्रेड असतो, सॅलड असतं, संध्याकाळी फळाची एक वाटी असते. वऱ्हाडातल्या ताटाशी त्याचा संबंध नाही. इथल्या माणसाचं जेवण एकेकाळी ज्वारीच्या भाकरीचं होतं. आता वावरात कपाशी आणि सोयाबीन असतं, ज्वारी घरची राहिलेली नाही, आणि रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्याच्या घरात तांदूळ फुकट येतो आणि ज्वारी विकत घ्यावी लागते त्याला "भात बंद, भाकर खा" असं सांगणं म्हणजे त्याचा महिन्याचा खर्च वाढवणं आहे. शिवाय भाकरही पिष्टमयच असते. तिचं पीठ चोथ्यासकट असतं, हा तिचा फायदा. पण चार भाकरी खाल्ल्या तर शुगर चढणारच. खरा सल्ला पदार्थाच्या नावाचा नसून मापाचा आहे. पोळ्या किंवा भाकरी तीनच्या दोन करा, भाताची वाटी अर्धी करा, ती उणीव वरणाने आणि पालेभाजीने भरून काढा. वरण, पातोडी, मटकीची उसळ, आंबाडीची भाजी, हे सगळं इथलंच आहे आणि पोटाला आधार देणारं आहे. चहात साखर किती आणि चहा दिवसातून किती वेळा, हेही विचारायला हवं. कापूस वेचणाऱ्या बाईचा पाच-सहा कप गोड चहा कुठल्याच छापील कागदावर नसतो.

उपवासाचं तर कुणी बोलतच नाही. एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, गजानन महाराजांचा गुरुवार. उपवासाला काही खाल्लं नाही म्हणजे शुगर कमीच होणार, अशी समजूत आहे. पण साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्टाचा, त्यात बटाटा, वर भगर आणि शिंगाड्याचा शिरा. त्याने शुगर भरभर चढते. आणि जो खरोखर निरंकार राहतो, पण ग्लायमेपिराइडची गोळी नेमाने घेतो, त्याची शुगर धोकादायक खाली जाते. उपवास करू नका असं डॉक्टर सांगतात तेव्हा रुग्ण मान हलवतो आणि उपवास करतो, आणि पुढच्या वेळी त्याबद्दल बोलत नाही. त्यापेक्षा उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही, किती वाजता काय खायचं, कोणतं लक्षण दिसलं की उपवास मोडायचा, हे आधी ठरवून दिलं तर तो लपवणार नाही.

शुगर खाली जाण्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की हे सुरू होतं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची, आणि मग जेवायला घालायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पण आयुष्यभर "साखर नको" हेच ऐकलेल्या घरात ऐन वेळी साखर द्यायचा धीर होत नाही. ऊन लागलं, चक्कर आली, नजर लागली म्हणत वेळ जातो. शेतीपंपाला वीज रात्रीची असेल तर शेतकरी ओलिताला एकटाच वावरात जातो. संध्याकाळी सुई घेऊन, घाईत अर्धवट जेवून गेलेल्या माणसाच्या खिशात साखरेची पुडी असावी, हे त्याला वॉर्डातल्या किती जणांनी सांगितलं असेल?

आता पायांकडे येऊ, कारण वऱ्हाडात सगळ्यात जास्त गमावलं जातं ते इथे. बराच काळ शुगर चढी राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, काटा रुतला तरी दुखत नाही. आणि आपली भक्ती अनवाणी आहे. श्रावणात अकोल्याचे कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येतात. रामनवमीला, ऋषिपंचमीला शेगावच्या वाटेवर पायी दिंड्या असतात. नवरात्रात अमरावतीच्या अंबादेवीला पहाटे अनवाणी जाणाऱ्या बायका असतात. चप्पल घाला असं नुसतं सांगून ही श्रद्धा हलत नाही, आणि ती हलवण्याचा अधिकार रुग्णालयाला आहे असंही मला वाटत नाही. पण बधिर पाय म्हणजे काय हे रुग्णाला स्वतःच्या पायावर दाखवता येतं. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवतात. १० ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाने "लागलं" म्हणायचं. चार जागी टेकवूनही तो काहीच बोलला नाही आणि त्याने डोळे उघडून तंतू तळव्याला लागलेला पाहिला, की पुढचं फार सांगावं लागत नाही. मग तो स्वतःच विचारतो, दर्शनाला कसं जाऊ? तेव्हा मोजे, मऊ तळाची बंद चप्पल, मंदिराच्या पायरीपर्यंत पादत्राण आणि परतल्यावर तळव्यांची आरशात पाहणी, असा मार्ग काढता येतो.

बधिर पाय जपण्याची ही विद्या भारतातच वाढली, आणि ती कुष्ठरोगाच्या कामातून आली. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की कुष्ठरुग्णाची बोटं रोग खात नाही. वेदना कळत नाही म्हणून झालेल्या जखमांनी ती झडतात. पुढे ते अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गेले आणि तीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरात आली. कुष्ठरुग्णांसाठी बनलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेहींना देतात. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं तपोवन आहे. कुष्ठरोग्याच्या पायाची काळजी या जिल्ह्याला नवी नाही. मधुमेह्याच्या पायापर्यंत ती पोचवायची आहे.

सुईबद्दलची भीती तर घरोघरी आहे. इन्सुलिन लागलं म्हणजे शेवट जवळ आला, एकदा लागलं की सुटत नाही. जखम किंवा जंतुसंसर्ग असताना थोडे दिवस दिलेलं इन्सुलिन पुढे अनेकांचं थांबतं, हे सुई सुरू करण्याआधी सांगायला हवं. भीती बसल्यावर सांगून उपयोग कमी. गोळ्यांचं याच्या उलट. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद होते, कारण ताप उतरला की औषध थांबतं हा आयुष्यभराचा अनुभव असतो. मग जांभळाच्या बियांची पावडर, कारल्याचा रस, कुणा ओळखीच्याने दिलेल्या पुड्या. पावडर घ्या हवी तर, पण गोळी सोडू नका, एवढं रागावल्याशिवाय म्हणणारा डॉक्टर असला तर रुग्ण पुडीची गोष्ट लपवत नाही. किडनीचंही तसंच. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, ती बिघडली की दोष पाण्याला जातो. पाण्याची चौकशी व्हायलाच हवी. पण त्याच घरात दहा वर्षं न तपासलेली शुगर आणि बीपी असतील तर त्यांचाही हिशोब मांडला पाहिजे.

उन्हाळ्याचा मुद्दा बाहेरून आलेल्या पुस्तकात सापडणार नाही. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, उघडलेली साधारण २५-३० अंशांपर्यंत महिनाभर टिकते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ च्या मे अखेरीस तर उन्हामुळे जिल्हा प्रशासनाला १४४ कलम लावावं लागलं. ज्याच्या घरी फ्रिज नाही, त्याच्या कपाटातली बाटली त्या उन्हात निकामी होऊ शकते, आणि बाहेरून ती आहे तशीच दिसते. उपाय घरातच आहे: बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डबीत ठेवायची आणि डबी मातीच्या माठात, किंवा एका माठात दुसरा लहान माठ ठेवून मधल्या ओल्या रेतीच्या आधाराने. वऱ्हाडातली हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे माठ चांगला गार राहतो. फ्रिज असेल तर बाटली बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवायची नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही.

मेळघाटातून आलेल्या रुग्णाची अडचण या सगळ्यावर चढते. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात. रुग्ण कोरकू बोलतो, सिस्टर मराठी, डॉक्टर मराठी-इंग्रजी. मधे दुभाष्या नसतो, असला तर बरोबर आलेला शाळकरी पोरगा असतो. गावी भूमका, म्हणजे पारंपरिक वैदू, असतो आणि तो निवांत बसून ऐकून घेतो. कोरकूत बोलणारी एक आशाताई फोनवर उपलब्ध असली तरी बरंच काही सुधारेल.

सरकारी योजनेत याचा विचार झालेलाच नाही असं नाही. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांत तो आधी आला त्यांत अमरावती होतं. त्यात समुपदेशकाचं पद आहे. पण ते असंसर्गजन्य आजारांच्या (एनसीडी) क्लिनिकला जोडलेलं, ओपीडीच्या वेळेपुरतं. सर्जरीच्या वॉर्डात पायाची जखम घेऊन पडलेला मधुमेही त्या खोलीपर्यंत चालत जाऊच शकत नाही. समुपदेशकाने रोज तासभर वॉर्डात यावं, एवढा आदेश निघाला तरी खर्च वाढणार नाही.

पैसा न लागणारी आणखी एक गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गरीब मधुमेहींच्या भेटींचं ध्वनिमुद्रण करून एक अभ्यास झाला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टींबाबत डॉक्टरांनी रुग्णाला समजलं की नाही हे तपासलं होतं. ज्यांच्या डॉक्टरांनी ते तपासलं त्या रुग्णांची शुगर अधिक आटोक्यात होती. तपासायचं कसं? "समजलं ना" असं विचारायचं नाही. म्हणायचं, "मावशी, घरी गेल्यावर सुनेला हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा." किंवा, "दादा, आता तुम्हीच सुई भरा, मी बघते." चूक झाली तर ती वॉर्डातच होते, सिस्टरच्या डोळ्यांसमोर. आणि हे सुट्टीच्या दिवशी न करता भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, रोज एकच गोष्ट घेऊन करायचं: आज सुई, उद्या पाय, परवा ताट. नातेवाईकांच्या भेटीच्या वेळी, म्हणजे घरातली बाईही तिथे असेल.

सुट्टीनंतरचा पहिला आठवडा फार नाजूक असतो, आणि त्याकडे जवळपास कुणाचंच लक्ष नसतं. वॉर्डात जखम, संसर्ग, ताप असताना शुगर चढलेली असते आणि त्या चढलेल्या शुगरवर इन्सुलिनचा डोस ठरतो. घरी जखम भरू लागली की शरीराची गरज कमी होते, डोस मात्र कार्डावर लिहिलेला तोच राहतो. माणूस कामाला लागतो, जेवणाच्या वेळा बदलतात, आणि शुगर खाली जाऊ लागते. १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात डॉ. लिओना मिलर यांनी गरीब रुग्णांसाठी फोनची सोय ठेवली आणि त्यांना शिकवलं. मधुमेही कोमाने भरती होणारे रुग्ण त्यानंतर खूप घटले. आज अकोला-अमरावतीच्या बहुतेक घरांत फोन आहे. सुट्टीच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवशी वॉर्डातून एक फोन जायला हवा. आज सकाळी शुगर किती आली, सुई घेतल्यावर किती वेळाने जेवता, रात्री घाम सुटून जाग आली का, जखमेतून पाणी येतं का, पायावर नवा फोड आहे का. आणि शुगर शंभरच्या आत राहू लागली असेल तर पंधरा दिवसांची वाट न बघता डोस कमी करायला उद्याच या.